बांधीत आणि रक्तात : नैसर्गिक निवडीच्या अभ्यासाची प्रस्तावना

रोवणी आटोपून महिनाभर झाला, आभाळ भरून राहिले, झिमझिम थांबेना, की भंडारा जिल्ह्यातला शेतकरी बांधीत उतरून चूड चाळू लागतो. एखादा पोंगा कांद्याच्या पातीसारखा गोल, पोकळ आणि चंदेरी झाला आहे का, हे तो पाहत असतो. तसा पोंगा दिसला म्हणजे गाद पडली. त्या फुटव्याला लोंबी येणार नाही. हे नुकसान करणारी गादमाशी डासाएवढी, तांबूस पोटाची आणि रात्री उडणारी आहे. मादी पानावर अंडी घालते. अळी ओल्या पानावरून सरकत बुंध्यातल्या कोंबापर्यंत पोहोचते आणि तिच्या स्रावांमुळे कोंबाची वाढच बदलते. पान व्हायचे ते नळी होते. त्या नळीत अळी खाते, कोष करते आणि टोकाशी भोक पाडून माशी होऊन बाहेर पडते. अंड्यापासून माशीपर्यंत साधारण तीन आठवडे लागतात. एका खरिपात या किडीच्या कित्येक पिढ्या होऊन जातात.

नैसर्गिक निवडीची ओळख गॅलापागोस बेटांवरच्या पक्ष्यांपासून करून देण्याचा रिवाज आहे. मी ती साकोली, लाखनी आणि पवनीच्या बांधीतून करून देतो आहे. ती बेटे कमी महत्त्वाची आहेत म्हणून नव्हे. आपल्या भागात निवड एका माणसाच्या हयातीत, त्याच्याच शेतात घडून जाते, आणि तरीही ती घडली हे आपल्याला कोणी सांगत नाही, म्हणून.

धानाच्या काही वाणांत गादमाशीला दाद न देणारे जनुक असते. अळी कोंबापर्यंत जाते, पण तिथे वाढू शकत नाही आणि मरते. सियाम-29 या जुन्या वाणातला असा गुण घेऊन तयार झालेला ‘फाल्गुणा’ 1977 साली शेतकऱ्यांच्या हाती आला आणि आंध्रात भराभर पसरला. सुरुवातीची वर्षे चांगली गेली. 1986 मध्ये उत्तर किनारी आंध्रात, श्रीकाकुळमच्या भागात, याच फाल्गुणाच्या शेतांत चंदेरी पोंगे दिसू लागले. तिथली माशी दिसायला तीच होती. पण फाल्गुणाच्या जनुकाचा तिच्यावर परिणाम होत नव्हता. संशोधकांनी तिला गादमाशीचा चौथा जैवप्रकार म्हणून नोंदले. भारतात आजवर असे सात जैवप्रकार नोंदले गेले आहेत. कोणत्या भागातली माशी कोणत्या वाणावर जगते, हे पाहण्यासाठी देशभर ज्या चाचण्या होतात, त्यांतले एक ठिकाण आपल्या साकोलीचे कृषी संशोधन केंद्र आहे.

मग श्रीकाकुळमच्या माशीला काय झाले? आपल्याकडे बांधावर अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येते: कीड सरावली. औषधाला सरावली, वाणाला सरावली. हा समज इतका सहज आहे की शिकलेली माणसेही तो धरून चालतात. पण सरावण्याइतके आयुष्य त्या अळीला मिळालेलेच नव्हते. फाल्गुणावर जी अळी मरायची ती पहिल्या काही दिवसांतच मेली. तिला दुसरी संधी नव्हती. कोट्यवधी माश्यांमध्ये थोड्या माश्या अशा होत्या की त्यांच्या एका जनुकात आधीच, निव्वळ योगायोगाने, फरक पडलेला होता. इतर वाणांवर त्या फरकाचा काही फायदा नव्हता, म्हणून तो कोणाच्या लक्षात येण्याजोगा नव्हता. बांधापासून बांधापर्यंत फाल्गुणाच उभा राहिला तेव्हा बाकीच्यांची पिल्ले मेली आणि यांची जगली. पुढच्या पिढीत यांचे प्रमाण वाढले, त्याच्या पुढच्या पिढीत आणखी वाढले. एकही माशी बदलली नाही. माश्यांची वस्ती बदलली.

नैसर्गिक निवडीला एवढेच लागते. जातीतल्या जीवांत आपापसात फरक असावेत, त्या फरकांतले काही पिढीजात उतरणारे असावेत, आणि त्यांच्यामुळे कोणाची संतती जास्त जगावी, कोणाची कमी. या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे निवड होतेच, ती थांबवता येत नाही. तिला हेतू नाही, पुढचे दिसत नाही, आणि ती कोणाच्या गरजेला धावून येत नाही. चार्ल्स डार्विनचे मोठेपण या साध्या गोष्टीचा पल्ला ओळखण्यात आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेसला तीच गोष्ट मलायाच्या बेटांत फिरताना स्वतंत्रपणे सुचली, आणि 1 जुलै 1858 रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले.

हे कळल्याने व्यवहारात काय फरक पडतो, याचे विदर्भातले उदाहरण कापसाचे आहे. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, 2006 पासून दोन जनुकांचे बियाणे आले. बोंडअळीला मारणारे प्रथिन झाडातच तयार होत असल्याने प्रत्येक झाड निवडीचे ठिकाण झाले. हे ओळखूनच बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाणे दिले जात होते. शेताच्या कडेने ते लावले की त्यावर बीटीला बळी पडणाऱ्या अळ्याही जगतात, त्यांचे पतंग तगून राहिलेल्या थोड्या पतंगांशी जुगतात आणि तगणारा गुण पातळ होत राहतो. आश्रय ओळी म्हणतात त्या याच. किती शेतकऱ्यांना त्यामागचे कारण कोणी नीट समजावून सांगितले? बहुतेकांनी त्या ओळी लावल्या नाहीत. ज्या अळीला मारायचे तिलाच पोसण्यासाठी जमीन द्यायची, हे कारणाशिवाय कोणाला पटेल? 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातली बोंडे पोखरली. शेतकऱ्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. त्याला नियम दिला गेला, त्यामागचे विज्ञान दिले गेले नाही.

डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ 24 नोव्हेंबर 1859 रोजी प्रसिद्ध केला, आणि त्याची सुरुवात रानातल्या प्राण्यांपासून केली नाही. पहिले प्रकरण पाळीव प्राण्यांचे आणि लावलेल्या पिकांचे आहे, त्यात कबुतरांना मोठी जागा आहे. त्यासाठी हिंदुस्थानातून कबुतरांची कातडी पाठवणाऱ्या वॉल्टर एलियटचे नाव डार्विनने तिथे घेतले आहे. हाच एलियट त्याआधी धारवाडकडे नोकरीला होता आणि तेव्हाच्या ‘दक्षिण मराठा प्रदेशा’तल्या सस्तन प्राण्यांची त्याने केलेली यादी 1839 साली छापली गेली. डार्विनच्या युक्तिवादाला लागलेल्या मालमसाल्यात आपल्या भूमीचाही वाटा होता.

माणसाने केलेली निवड आधी दाखवायची आणि मग माणूस बाजूला काढायचा, ही डार्विनची रीत आपल्यालाही सोयीची आहे, कारण तिचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांना 1983 साली ‘पटेल-3’ या वाणाच्या शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, बी जपले, पेरले, पुन्हा निवडले. वर्षानुवर्षे असे करत बारीक दाण्याचा एक नवा वाण उभा राहिला, आणि त्या काळात मनगटावर मिरवणाऱ्या घड्याळाचे नाव त्याला पडले: एचएमटी. आज भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत एचएमटी माहीत नाही असे घर सापडणार नाही. थोडीशी कोरडवाहूच्या बरोबरीची जमीन आणि जेमतेम शाळा एवढ्या बळावर या माणसाने जे केले ते वाणनिर्मितीचे अस्सल काम होते. 3 जून 2018 रोजी ते गेले. त्यांच्या वाट्याला हयातीत जे यायला हवे होते ते आले नाही, असे मला मनापासून वाटते.

दादाजींनी लोंब्यांतला फरक निर्माण केला नाही. तो धानात होताच. त्यांनी तो ओळखला आणि कोणत्या लोंबीचे बी पुढच्या वर्षी पेरायचे हे ठरवले. निसर्गात हे ठरवणारा कोणी नसतो. ऊन, पाऊस, रोग, भक्षक आणि उपासमार यांतून जे उरते त्याचेच बी पुढच्या वर्षी उगवते, आणि तरीही परिणाम तोच होतो.

माणूस आणि रान यांच्या मधली एक जागा म्हणून कोशाच्या किड्याकडे पाहता येईल. टसर रेशमाचा हा किडा ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर उघड्या रानात वाढतो. आपल्याकडे ढिवर समाजातल्या अनेक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या तो राखला आहे. देशभरात या एकाच जातीचे अनेक स्थानिक वंश आहेत आणि त्यांतल्या एकाचे नाव ‘भंडारा’ असेच आहे. बस्तरचा ‘रैली’ सालाच्या रानात राहतो आणि त्याचा कोश जाड, टणक असतो. सखल भागातल्या किड्यांच्या वर्षाला तीन पिढ्या होतात, उंचावरच्यांची एखादीच. उन्हाळाभर कोशात पडून राहायचे आणि पाऊस लागला की बाहेर यायचे, हे वेळापत्रक जिथल्या तिथल्या हवेने ठरवले आहे. आपल्या जिल्ह्याच्या नावाचा किडा आपल्या रानातून नाहीसा होऊ न देणे हे काम रेशीम खात्याइतकेच आपलेही आहे.

पण नैसर्गिक निवडीचा सर्वांत खोल आणि सर्वांत वेदनादायक पुरावा भंडाऱ्यात रानात नाही, शेतातही नाही. तो रक्तात आहे. सिकलसेल.

पूर्व विदर्भात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सांधे आणि हाडे ठणकून मूल रात्रभर रडते, रक्त कमी पडते, प्लीहा वाढते, वारंवार दवाखान्यात न्यावे लागते. अशी घरे इथे गावोगाव आहेत. आजाराचे मूळ आश्चर्य वाटावे इतके लहान आहे. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायचे तिथे व्हॅलिन येते. व्हर्नन इन्ग्रमने हे 1956-57 च्या सुमारास दाखवून दिले. एवढ्या एका बदलामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे धागे जुळतात, गोल पेशी विळ्याच्या आकाराची होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते.

हे जनुक आई आणि वडील दोघांकडून आले तर मूल पीडित असते. एकाकडूनच आले तर ते वाहक असते आणि बहुधा सामान्य आयुष्य जगते. उपचारांच्या आधीच्या काळात पीडित मुले बहुतेक लहानपणीच दगावत. म्हणजे दर पिढीत हे जनुक थोडे थोडे गळून जायला हवे होते. शेकडो पिढ्यांत ते विरळ व्हायला हवे होते. भारतात ते प्रथम 1952 साली निलगिरीत आढळले, आणि 1958 साली मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. शोध घेत गेले तसे दिसले की मध्य भारताच्या पट्ट्यात, आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गातल्या अनेक समाजांत ते विरळ नाही, चांगले रुजलेले आहे. जे मारते ते टिकले कसे?

या कोड्याची वाट जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1949 साली दाखवली. रक्ताचे काही दोष जिथे आढळतात तिथेच हिवतापही आढळतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. थॅलेसिमियाविषयीचा तो तर्क होता. 1954 मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत काम करून सिकलसेलच्या बाबतीत तो सिद्ध केला. वाहक मुलांना घातक हिवतापापासून मोठे संरक्षण मिळते. हाल्डेन पुढे 1957 साली भारतात आले, इथले नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले. ज्या जंगलपट्ट्यात त्यांचा तर्क रोज खरा ठरत होता त्याच्या इतक्या जवळ त्यांची अखेरची वर्षे गेली, हे मला विशेष वाटते.

आता हिशेब मांडून पाहू. समजा एका गावात शंभरात वीस माणसे वाहक आहेत. लग्ने जशी जुळतील तशी जुळली तर शंभरातल्या चार जोडप्यांत नवरा-बायको दोघेही वाहक असतील. त्यांच्या प्रत्येक मुलाला पीडित असण्याची शक्यता चारात एक. म्हणजे गावात जन्मणाऱ्या शंभर मुलांमागे एक पीडित आणि अठरा-वीस वाहक. ज्या गावाला हिवताप सोडत नव्हता, जिथे पाच वर्षांच्या आतली मुले त्याच तापात जात होती, तिथे त्या अठरा-वीसांना मिळालेले संरक्षण त्या एकाच्या मृत्यूपेक्षा भारी पडत होते. म्हणून जनुक टिकले. ते नाहीसेही झाले नाही आणि सर्वांत पसरलेही नाही. हिवताप जितका जास्त तितक्या उंचीवर ते थांबले. भारतातल्या सिकलसेल जनुकाभोवतीची जनुकीय ठेवण आफ्रिकेतल्या बहुतेक रुग्णांपेक्षा वेगळी आहे. म्हणजे आपल्या लोकांच्या रक्तात हा इतिहास आपल्या वाटेने लिहिला गेला.

ज्यांना वाटते की नैसर्गिक निवड म्हणजे ‘बळी तो कान पिळी’, त्यांनी या हिशेबापाशी थांबावे. इथे बलवान कोण? ज्याचे हिमोग्लोबिन अगदी निर्दोष तो हिवतापाने गेला. ज्याच्यात दोषाची एकच प्रत होती तो वाचला. आणि हिवताप जिथे नाही तिथे हाच निकाल उलटतो. निवडीच्या दृष्टीने कोणी श्रेष्ठ नसतो. त्या त्या जागी, त्या त्या काळी कोणाची संतती उरली एवढेच असते. ती सुधारणा करत नाही. तिने पूर्व विदर्भातल्या कितीतरी मुलांना वाचवले आणि त्याची किंमत दुसऱ्या मुलांकडून वसूल केली.

डार्विनच्या नावाचा गैरवापर याच ठिकाणी सुरू होतो. कोणी वर आहे आणि कोणी खाली, हे निसर्गानेच ठरवले, असे सांगण्यासाठी ‘सक्षम तोच टिकेल’ ही हर्बर्ट स्पेन्सरची उक्ती जगभर वापरली गेली, आणि आपल्याकडे जातिव्यवस्थेच्या समर्थनालाही आनुवंशिकतेचा टेकू देण्याचा प्रयत्न झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हा युक्तिवाद तपासून खोडून काढला. सिकलसेलकडे एखाद्या समाजाचा कलंक म्हणून पाहणाऱ्यांनी तर हे नीट समजून घ्यावे. हा कोणाच्या पापाचा किंवा दर्जाचा खुलासा नाही. ज्यांचे पूर्वज हिवतापाच्या रानात राहिले, राबले आणि तगले, त्यांच्या रक्तातली ती खूण आहे.

आज हिवताप पूर्वीइतका राहिलेला नाही. गडचिरोलीत तो अजून मोठा प्रश्न आहे, भंडाऱ्यात बराच ओसरला. फायदा संपत आला, किंमत मात्र तशीच आहे. आणि जनुक आपोआप लवकर जाणारही नाही, कारण ते बहुतांशी वाहकांत दडून राहते. निसर्गाच्या हिशेबावर सोडले तर पिढ्यान्‌पिढ्या मुले भोगत राहतील. इथे माणसाच्या ज्ञानाचे काम सुरू होते: तपासणी, समुपदेशन, हायड्रॉक्सीयुरियासारखे औषध, वेळेवर उपचार. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने 2047 पर्यंत सिकलसेलचे उच्चाटन हे उद्दिष्ट ठेवले आहे.

जानेवारी 2018 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. 2023 साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग गळला, प्रकरणात फक्त आनुवंशिकता उरली, आणि अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. माणूस आजच्या माकडांपासून झाला असे डार्विनचे म्हणणेच नव्हते. दोघांचे पूर्वज एक, असे ते होते. पण ‘कोणी पाहिले’ हा प्रश्न मला टाळायचा नाही, कारण त्याचे उत्तर आपल्यापाशी आहे. निवड गादमाशीत पाहिली गेली, बोंडअळीत पाहिली गेली, सिकलसेलच्या वाहकांत मोजली गेली.

आपल्या राज्य मंडळाने तो धडा ठेवला आहे, याचे समाधान वाटते. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. शाळा उघडून हा पाठ सुरू होतो तेव्हा भंडारा जिल्ह्यात पऱ्हे टाकलेले असतात आणि रोवणी तोंडावर असते. शिक्षकांना माझी विनंती आहे की हा पाठ फळ्यावर उरकू नये. मुलांना गादमाशीची नळी फोडून दाखवावी, एकाच बांधीतल्या लोंब्यांतले फरक मोजायला लावावेत, आणि सिकलसेलचा तो चारातल्या एकाचा हिशेब त्यांच्या वहीत त्यांच्याच हाताने मांडून घ्यावा. आणि वाचकहो, घरात लग्नाचे मुलगे-मुली असतील आणि त्यांची सिकलसेलची तपासणी झालेली नसेल, तर पत्रिका जुळवण्याआधी ती करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते.